कागदावरची भाकरी

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. पण घरातलीच मंडळी वाचतात, त्यामुळे हात आखडत होता. आता दोन्ही आत्यांनी ‘लिही की, त्यात काय लपवायचंय’ असं म्हटलंय, म्हणून लिहिते. नावं मात्र कुणाचीच घालत नाही, नात्यावरून ओळखा :)

विषय तसा रूक्ष वाटेल. लिहिलेला मजकूर समजत नसेल तर चित्र, तक्ता, नकाशा काढून तो समजून घेता येतो का? तुम्ही म्हणाल, येतो, त्यात नवीन काय? आपण सगळे ‘क कमळाचा’ करतच वाचायला शिकलो. आधी कमळ दिसलं, मग क दिसला. गंमत अशी की पुढे इयत्ता वाढत गेली तशी पुस्तकातली चित्रं लहान होत गेली आणि कमी होत गेली. मोठेपणी ज्या कागदांवर आपलं घर, जमीन, पैसा अवलंबून असतो, त्या कागदांवर तर एकही चित्र नसतं. सातबारा, फेरफार, नोटीस, बँकेचा करार... सगळीकडे नुसती अक्षरं. म्हणजे चित्राची खरी गरज जिथे आहे नेमकं तिथे ते नाही!

आमच्या घरात हे फार जवळून बघायला मिळालं, ते सांगते.

आमचं गाव गडब. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालात की लागतं. तालुका पेण, रेल्वेचं जवळचं स्टेशन कासू. पेण तालुक्याचा हा पट्टा भाताचा आणि खारबंदिस्तीचा. उधाणाचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध, पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाड्या, आणि बांधाला खांड पडली की सगळ्या गावाच्या पोटात गोळा. या भागातल्या माणसाला जमीन कशी वाचायची हे उत्तम कळतं. कुठे पाणी थांबेल, कुठे रोप कुजेल, हे आमचे काका बांधावर उभे राहून सांगतात. पण तीच जमीन कागदावर आली की डोकं चालेनासं होतं.

महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. (हे इंदापूर माणगावजवळचं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे.) त्याआधी जमिनींच्या नोटिसा निघाल्या. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ चा. त्यात कलम ३अ खाली जाहीर सूचना निघते, ती वर्तमानपत्रातही छापून येते, आणि हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. आमच्या जमिनीचा एक तुकडा त्या यादीत होता. यादी म्हणजे काय, तर बारीक टाइपातल्या ओळी. गाव, नंबर, हिस्सा, क्षेत्र, नाव. आमच्या ओळीत नाव होतं फक्त मोठ्या काकांचं.

झालं! धाकटे काका म्हणाले, दादाने सगळं आपल्या नावावर करून घेतलं. सातबारा काढला तर तिथेही एकच नाव, आणि नावापुढे तीन अक्षरं, ‘ए.कु.मॅ.’ त्याचा अर्थ कुणी विचारला नाही. नाव एकच आहे एवढं पुरेसं होतं. त्या वर्षी गणपतीला धाकटे काका घरी आले, आरतीला उभे राहिले आणि जेवायला न थांबता गेले. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. बाबा मधल्यामधे. मोठे काका तर बोलेचनात. चाळीसएक वर्षं ज्यांनी बांध घातले त्यांना घरातून कुणी चोर म्हटलं तर ते काय बोलणार?

मग मी आणि चुलतभाऊ जुन्या कागदांची पिशवी घेऊन बसलो. सगळ्या फेरफारांच्या नकला काढल्या. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा, जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल जिथे लिहिला जातो ती नोंदवही. सातबारा ही आजची अवस्था दाखवतो, फेरफार कथा सांगतो. पण ती कथा कशी सांगितलेली असते माहितीये? अमुक हे अमुक रोजी मयत, त्यांचे वारस अमुक, पैकी अमुक अज्ञान, सबब वर्दीवरून नोंद... पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. चुलतभाऊ इंजिनीयर, मी पदवीधर. तीनदा वाचून तीन वेगळे अर्थ निघाले.

शेवटी मी भाच्याच्या वहीतले आलेख-कागद फाडून घेतले आणि पेन्सिल घेतली.

पहिली काढली ती नुसती एक आडवी रेघ. काळाची. त्यावर सालं टाकत गेलो. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कुळकायद्याने कसणाऱ्या कुळाला मालक मानलं तो दिवस. (शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला होता. त्या लढ्याने कुळकायद्याची वाट मोकळी केली. आमच्या आजोबांचं नाव कागदावर चढण्यामागे तोही एक धागा आहे.) मग आजोबांनी हप्त्याहप्त्याने भरलेली किंमत, मग त्यांना मिळालेलं ३२म चं प्रमाणपत्र. १९७९, आजोबा गेले. १९९८, आजी गेली. प्रत्येक टिंबाखाली त्या त्या फेरफाराचा नंबर लिहायचा, असं ठरवलं.

आणि १९९८ च्या टिंबाखाली लिहायला काहीच नव्हतं.

आजी गेल्यावर नोंदच झालेली नव्हती. इतके दिवस सगळे कागद आम्ही वाचत होतो, पण जो कागद नाहीच तो वाचणार कसा? मजकुरात जे नाही ते मजकूर वाचून दिसत नाही. रेघ काढली की मोकळी जागा दिसते. मला वाटतं, चित्राचा सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. ते मजकूर सोपा करतं हे खरंच, पण मजकुरात काय राहून गेलंय तेही ते दाखवतं.

दुसरं चित्र वंशावळीचं. ही काही आपल्याला नवी नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत आपल्या कितीतरी पिढ्यांची नावं असतात, आणि जातीच्या दाखल्यासाठी शपथेवर वंशावळ आपण सगळ्यांनीच लिहिलेली असते. १९७९ च्या फेरफारात वारस म्हणून सहा नावं होती. आजी, तीन मुलगे आणि दोन मुली. धाकट्या काकांपुढे लिहिलं होतं ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. काका तेव्हा १५ वर्षांचे होते, त्यांच्या वतीने आजी. आणि मोठ्या काकांपुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ते नाव मालक म्हणून एकट्याचं लागलेलंच नव्हतं, सगळ्यांच्या वतीने लागलं होतं. २६ वर्षांच्या पोरावर घर पडलं, त्याची ती खूण होती.

चुलतभावाने झाड काढलं ते असं. आजोबांच्या खाली तीन जाड फांद्या, प्रत्येक फांदीखाली आम्ही नातवंडं. आत्या दोघी कडेला, तुटक रेषेने. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्याकडे वंशावळ अशीच काढतात. मी म्हटलं, फेरफारात तुटक रेषा कुठेय? तिथे सहाही नावं एकाखाली एक, सारखीच. मग मी नवीन कागद घेतला आणि जन्माच्या क्रमाने काढलं. थोरली आत्या, मोठे काका, बाबा, धाकटी आत्या, धाकटे काका. पाच रेषा, सारख्या जाडीच्या.

तो कागद ओटीवर सगळ्यांसमोर ठेवला. धाकटे काका बराच वेळ ‘अ.पा.क.’ वर बोट ठेवून बसले. मग उठून आत गेले आणि मोठ्या काकूंकडे चहा मागितला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

पण एक भांडण मिटलं आणि खोलीत वेगळीच शांतता पसरली. तीन भावांचा वाद होता, आणि कागदावर पाच रेषा होत्या.

इथे थोडा कायदा सांगते, कारण बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की मुलींना हक्क २००५ मध्येच मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखं जन्मतः स्थान महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिलं, तेही तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना. देशभर ते ९ सप्टेंबर २००५ पासून आलं, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. पण वडिलांची स्वतःची मालमत्ता असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर मुलगा, मुलगी आणि विधवा यांना सारखा वाटा, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. कुळकायद्याने मिळालेली आमची जमीन वकिलांनी आजोबांची स्वतःची धरली. तुमच्याकडे वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा निघेल, आपल्या वकिलाला विचारा.

आता हे धाकट्या आत्याला कसं सांगायचं? ती दुसरीपर्यंत शिकलेली. नोटीस तिला तीनदा वाचून दाखवली होती. प्रत्येक वेळी तिने मान हलवली आणि शेवटी तेच विचारलं, ‘म्हंजे माजा काय?’ एकदा एका कार्यालयात तिला उत्तर मिळालं होतं, तुमच्या भावांना विचारा. झालं, संपलं.

आलेख-कागदावर मी एक चौकोन म्हणजे एक गुंठा धरला. हेक्टर-आर तिला कळत नाहीत, गुंठे मात्र पावलांनी मोजून दाखवेल. (गुंठा मुळातच चौकोन आहे बरं का. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा.) सातबाऱ्यावर लिहिलेलं ०.६०.७० म्हणजे तिच्या भाषेत दीड एकर, ६० गुंठे. साठ चौकोन.

पण चौकोनांनीही वाटे डोळ्यांसमोर येईनात. मग मी एक मोठा गोल काढला आणि म्हटलं, आत्या, ही तांदळाची भाकरी समज. आजोबा गेले तेव्हा खाणारी माणसं सहा. सहा तुकडे केले. एकेक तुकडा दहा गुंठ्यांचा. हा आजीचा तुकडा. आजी गेली तेव्हा तिने कुणाच्या नावे काही लिहून ठेवलं नव्हतं. मग तिच्या तुकड्याचे तिच्या पाच लेकरांत पाच घास. दोन-दोन गुंठे. तुझे आधीचे दहा आणि हे दोन.

ती बराच वेळ बघत राहिली. मग आजीच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘आईनी पन माज्यासाटी ठेवलाय?’

मला काही बोलता येईना. कायद्याच्या पुस्तकात याला वारसाहक्क म्हणतात. तिला ते आईने राखून ठेवलेल्या घासासारखं दिसलं. खरं सांगायचं तर तिने जे पाहिलं ते जास्त बरोबर होतं.

‘आता समजला गो बाय,’ ती म्हणाली. तीन वेळा वाचून जे झालं नाही ते एका गोलाने झालं.

राहता राहिला नकाशा. नोटिशीत आमचं जाणारं क्षेत्र ०.०९.१० लिहिलेलं, म्हणजे नऊ गुंठे. साठातले नऊ गेले, एक्कावन्न राहिले, असं सगळे धरून चालले होते. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल आणली, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रस्त्याची पट्टी लाल पेन्सिलीने रंगवली. तेव्हा मोठे काकाच पहिल्यांदा बोलले. ‘अरे, ही तर वाट गेली!’ जाणारे नऊ गुंठे म्हणजे शेताचा वरचा, रस्त्याकडचा काठ. बैल, ट्रॅक्टर, रोपांचे मूठ, सगळं तिथूनच खाली उतरायचं. उरलेले एक्कावन्न गुंठे कागदावर शाबूत होते, पण तिथे पोचायचं कसं? नोटिशीतला आकडा खोटा नव्हता. त्याला फक्त आकार नव्हता.

२१ दिवसांच्या आत हरकत दिली, सोबत तो नकाशा जोडला. सुनावणीत काकांना फार बोलावं लागलं नाही, लाल पट्टीवर बोट ठेवलं की पुरे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेजारच्या बांधावरून वाट मागता येते, हे तिथेच कळलं. पुढे शेजाऱ्यांशी समजुतीनेच बांधावरून वाट ठरली, तीही त्याच नकाशावर हिरव्या पेन्सिलीने आखून, सगळ्यांच्या सह्या घेऊन.

या सगळ्यानंतर मला निवडणूक चिन्हांची आठवण झाली. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर माणसं १८ टक्क्यांच्या आसपास होती. तरी १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, अशी सोय केली गेली. न वाचणाऱ्या माणसाला मताचा हक्क द्यायचा तर त्याला समजेल असा कागदही दिला पाहिजे, इतका साधा विचार. जमिनीच्या कागदांच्या बाबतीत तो आपण अजून पुरता केलेला नाही.

पण चित्राचं फार कौतुकही करू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा आहे, हॅरी बेक यांनी केलेला, १९३३ मध्ये लोकांच्या हातात आला. त्यात स्टेशनांमधली अंतरं खरी नाहीत, वळणं खरी नाहीत. खरं आहे ते एवढंच की कुठून कुठे जाता येतं. म्हणून तो कामाचा आहे, आणि म्हणूनच तो घेऊन चालत फिरू नये! प्रत्येक चित्र काहीतरी सोडून देतं. काय सोडलं, ते काढणारा ठरवतो. आमच्या झाडातली ती तुटक रेषा आठवा. मजकुरात पक्षपात नव्हता, चित्रात आला होता. लिहिलेल्यावर आपण शंका तरी घेतो, चित्र चटकन खरं वाटतं. म्हणून चित्र काढून झालं की एकदा परत मजकुराकडे जायचं आणि एकेका रेषेला विचारायचं, तू कुठल्या ओळीतून आलीस?

आणि आणखी एक. दुसऱ्याने काढलेलं चित्र बघून जेवढं कळतं, त्याच्या दुप्पट स्वतः काढताना कळतं. चुलतभाऊ, बाबा, काका, सगळ्यांना जे उमगलं ते कागदावर वाकून पेन्सिलीने खाडाखोड करतानाच उमगलं. संगणकावर छान रंगीत करून दिलं असतं तर सगळ्यांनी ‘वा’ म्हटलं असतं आणि पान उलटलं असतं.

पुढे काय झालं? मोबदला पाच वाट्यांत धरला. हे काही लगेच नाही झालं. आपल्याकडे बहिणीने हक्कसोड करायची, भावाने साडीचोळी करायची आणि माहेर टिकवायचं, असा रिवाज. ‘बहिणीने जमिनीत वाटा मागितला’ हे वाक्य गावात कशा आवाजात म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. थोरल्या आत्याने शेवटी आपला हक्क भावांना सोडला, नोंदणी करून. पण सही करण्याआधी तिने तो भाकरीचा कागद मागून घेतला, आपला तुकडा बघितला आणि म्हणाली, बारा गुंठे देतेय, मोजून देतेय, कुणी फसवून घेतले असं म्हणू नका. धाकट्या आत्याने आपला वाटा घेतला. तिला गरज होती, आणि गरज नसती तरी तो तिचाच होता. मोठ्या काकांनी तिच्या पैशाला एक दिवस उशीर होऊ दिला नाही. तिचं माहेर टिकलं की नाही? दर गणपतीला येते, आणि सगळ्यांच्या आधी येते.

२०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, तेव्हा ते जुने कागद पुन्हा बाहेर निघाले. आता आमची पुढची पिढी झाडाला जोडायची आहे. चुलतभावाने या वेळी स्वतःच सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या काढल्या. मी काही म्हटलं नाही, नुसती बघत होते.

तुमच्याही घरी अशी एखादी पिशवी असेलच. सुट्टीत गावी जाल तेव्हा एक संध्याकाळ काढा. सातबारा आता घरबसल्या मिळतो, बऱ्याच गावांचे नकाशेही ऑनलाइन दिसतात. आलेख-कागद, पेन्सिल, खोडरबर घ्या. आणि हो, घरातल्या ज्या माणसाला वाचता येत नाही त्याला शेजारी बसवा. प्रश्न तोच नेमके विचारतो.

असो, फार लांबलं. आत्याचा फोन आला होता, तिला हे वाचून दाखवायचंय. चित्रं कुठायत, असं ती नक्की विचारणार :)